साथीच्या काळात जिनिंग चालवताना कोणाची माहिती कामी आली

आमचं जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला, एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे. डबल रोलर जिनं, एक प्रेस, गाड्यांचं वजन करायचं काटाघर, सरकीचं गोदाम. हंगामात गावातली आणि आसपासच्या पोडांवरची (कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरची) बाया-माणसं कामाला असतात, फिटर आणि प्रेसवाले बाहेरून येतात. वडिलांनंतर कारभार मी बघते. लोक हॉटेलांचे, मोबाइलचे, गाड्यांचे अभिप्राय लिहितात. मला माहितीचा लिहायचा आहे, कारण कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, मालक म्हणून मला सगळ्यात जास्त गरज तिची होती आणि बाजारात सगळ्यात जास्त भेसळही तिच्यातच होती. यंदा हंगामाआधीच्या बैठकीत एका नव्या जिनिंगवाल्याने विचारलं, "ताई, पुन्हा असं काही आलं तर पहिला फोन कोणाले करायचा?" तिथे दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात वरचा नंबर मी देते तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १५ एप्रिल २०२० च्या आदेशाला; त्यातही त्याच्या परिशिष्ट दोनला. लॉकडाऊन २४ मार्चला जाहीर झालं तेव्हा आमच्या भागात कितीतरी घरांत कापूस पडून होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ५,५५० रुपये होता, पण खरेदीच थांबली तर भाव काय कामाचा. १५ एप्रिलच्या आदेशाने २० एप्रिलपासून महापालिका-नगरपालिका हद्दीबाहेरच्या, म्हणजे ग्रामीण भागातल्या कारखान्यांना वाट मोकळी केली, आणि कारखाना चालवायचा तर काय काय करायचं तेही त्याच कागदाला जोडून दिलं. पान-दीड पानाचा मजकूर. फाटकापासून संडासापर्यंत काय काय निर्जंतुक करायचं. येताना-जाताना प्रत्येकाचं तापमान. आत येणाऱ्या गाड्यांवर फवारणी. बाहेरून माणसं आणणाऱ्या गाडीत तीस-चाळीस टक्केच माणसं. दोन पाळ्यांमध्ये एक तासाची फट. जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वेळी. दहा किंवा जास्त माणसं एकत्र जमू द्यायची नाहीत. बसायच्या जागांत सहा फूट अंतर. कामगारांचा आरोग्य विमा. जवळपास कोविडचे रुग्ण घेणारी रुग्णालयं कोणती त्याची यादी कारखान्यात सदैव हजर. आणि गुटखा-तंबाखूवर, थुंकण्यावर कडक बंदी.

हा कागद मला का आवडला ते सांगते. त्यात "योग्य ती खबरदारी घ्यावी" असली हवेतली भाषा कमी होती. एक तास म्हटलं तर एक तास, सहा फूट म्हटलं तर सहा फूट. दिवाणजीला मी टेप घेऊन जिन घरात पाठवलं. कापसातली कवडी (खराब, किडका कापूस) आणि कचरा वेचणाऱ्या बाया आमच्याकडे ढिगाला गोल करून बसत, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. त्यांच्या जागा चुन्याने आखून दिल्या, ढीग एकाचे तीन केले. काम थोडं हळू झालं, पण कोणी कुरकुर केली नाही, कारण आकडा डोळ्यांसमोर होता.

तंबाखूची ओळ मात्र आमच्याकडे सगळ्यांत अवघड. विदर्भात राहणाऱ्याला खर्रा काय ते सांगावं लागत नाही; बाकीच्यांसाठी, सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण. एकाने पन्नीत घोटायचा, चौघांनी त्याच पन्नीतून चिमूट घ्यायची, आणि मग पचकन कोपऱ्यात. दिल्लीच्या कागदात खर्रा हा शब्द कुठून असणार? पण हातातून तोंडात आणि तोंडातून जमिनीवर जायची ती वाट त्या एका ओळीने बंद करायचा अधिकार मला दिला. त्याआधी मी सांगितलं की "ताईले आवडत नाही म्हणून" असं व्हायचं. आदेशाची प्रत फाटकावर लावल्यावर ती माझी आवडनिवड राहिली नाही. मालकाला विश्वासार्ह माहिती हवी असते ती यासाठीसुद्धा: आपण सांगतो त्यामागे सही आणि तारीख उभी आहे, हे कामगाराला दाखवता यायला हवं.

कागदाची उणीव एवढीच की तो इंग्रजीत आणि कायद्याच्या भाषेत. मराठीत यायचा तो जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशातून आणि जिल्हा माहिती कार्यालयाच्या बातम्यांमधून. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचायची सवय लावून घेतली. केंद्राने काय म्हटलं, राज्याने त्यात काय कडक केलं, आणि आपल्या जिल्ह्यात आज कोणतं लागू आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती, अकोला आणि आमच्या यवतमाळात रुग्ण वाढले. अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून आठवड्याचं लॉकडाऊन लागलं, तेव्हा पुण्या-मुंबईची वाहिनी पाहून आमच्या फाटकावरचा निर्णय घेणं शक्यच नव्हतं. सगळ्यांच्या आधी आमच्याच जिल्ह्याचा कागद.

आता सगळ्यात वाईट माहितीबद्दल. जिनिंगवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटात २०२० च्या एप्रिलमध्ये एक मजकूर फिरला: कारखान्यात एकही कामगार पॉझिटिव्ह निघाला तर मालकाला तुरुंगवास आणि कारखान्याला तीन महिने सील. मजकूर मराठीत, नीट टाइप केलेला, खाली आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं नाव. कायदा खरा, १५ एप्रिलचा आदेशही त्याच कायद्याखालचा, त्यामुळे खोटं ओळखू येत नव्हतं. आमच्या ओळखीच्या काही जणांनी ते वाचून कुलूप उघडलंच नाही. ओट्यावर बसलेला शेतकरी विचारतो, "कायले बंद ठेवलं जी, आदेश त आला न?" आणि मालक फोनमधला मजकूर दाखवतो.

खुलासा २३ एप्रिलला आला. केंद्रीय गृह सचिवांनी राज्यांना पत्र पाठवून स्पष्ट केलं की असं कोणतंही कलम आदेशात नाही. कामगार बाधित आढळला म्हणून मालकाला तुरुंगात टाकण्याचा किंवा तीन महिने सील करण्याचा अर्थ त्यातून काढू नये. हे पत्र जाहीर झालेलं होतं, शोधलं तर मिळत होतं. अफवा मात्र पत्र आल्यावरही फिरत राहिली. मी तेव्हापासून एक नियम धरला. कोणी "कायद्यात आहे" म्हटलं की विचारायचं: आदेश क्रमांक काय, तारीख काय, कोणाच्या सहीचा? तिन्ही सांगता आले तर पुढे ऐकायचं. पत्र सूचना कार्यालयाचा फॅक्ट चेक विभाग सरकारी आदेशांच्या नावाने फिरणाऱ्या मजकुरासाठी चांगला होता. व्हिडिओ आणि फॉरवर्ड तिथे पाठवता येत, उत्तर लाल शिक्क्यासकट मिळे आणि ते गटात टाकलं की वाद मिटे. त्याचं काम सरकारबद्दलच्या दाव्यांपुरतं आहे, हे लक्षात ठेवून वापरावं.

फवारणीच्या बोगद्याची गोष्ट जरा थांबून सांगते, कारण त्यात पैसा आणि माणसाची कातडी दोन्ही गुंतले होते. मे महिन्याच्या सुमारास एक विक्रेता आला. गाडीत नमुना, हातात कोटेशन, मोबाइलमध्ये मोठमोठ्या कार्यालयांच्या दारात बसवलेल्या बोगद्यांचे फोटो. माणूस आत शिरला की दोन्ही बाजूंनी सोडियम हायपोक्लोराइटचा तुषार. "मॅडम, सगळीकडे कंपल्सरी होतंय," असं तो म्हणाला. आमचा चौकीदार तर लगेच तयार, "ताई, हे लावून टाकू, गेटवरची कटकट मिटते."

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० लाच यावर सूचनापत्र काढलं होतं: माणसांवर किंवा समूहावर जंतुनाशक फवारण्याची कोणत्याही परिस्थितीत शिफारस नाही. कारणंही दिली होती. क्लोरीनने डोळे आणि त्वचा जळजळते, मळमळ-उलटी होऊ शकते, श्वासातून गेलं तर नाक-घसा-श्वासनलिकेला त्रास. आणि ज्याच्या शरीरात विषाणू शिरला आहे त्याच्या कपड्यांवर फवारून तो जाणार कसा? उलट लोकांना खोटी निर्धास्ती वाटते आणि हात धुणं मागे पडतं. कापसाच्या धुळीत आठ तास खोकणाऱ्या बायांच्या छातीत आणखी क्लोरीन घालायचा विचारच मला सहन झाला नाही. मी त्या विक्रेत्याला पत्राची प्रत दिली. त्याने घडी करून खिशात ठेवली आणि पुढच्या गावाला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२० ला असे बोगदे आणि माणसांवरची फवारणी बंद करण्याबाबत केंद्राला निर्देश दिले. मधल्या सहा महिन्यांत किती ठिकाणी ते बसले असतील आणि किती माणसं त्यातून रोज गेली असतील, याचा विचार केला की आजही राग येतो.

हायपोक्लोराइट वाईट नाही, ते जमिनीसाठी, कठड्यासाठी, दाराच्या कडीसाठी आहे. एक टक्क्याचं द्रावण करायचं: बाटलीवर पाच टक्के लिहिलं असेल तर एक भाग औषध, चार भाग पाणी. मापं आरोग्य मंत्रालयाच्या कागदातच होती. संडास धुवायच्या अॅसिडसोबत मात्र कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. ही सूचना मी झाडूवाल्या बाईंना दोन वेगळ्या रंगांच्या बादल्या देऊन समजावली, कारण बाटलीवरची अक्षरं त्या वाचत नव्हत्या.

सॅनिटायझरच्या बाबतीत मात्र कोणत्याच सर्वसाधारण कागदावर पूर्ण विसंबता येत नाही, हे जिनिंगवाल्यांनी नीट वाचावं. सगळीकडे एकच सल्ला: जागोजागी सॅनिटायझर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या सॅनिटायझरमध्ये ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. आमच्याकडे प्रत्येक जिनाजवळ बाटली ठेवायचं ठरत होतं. आमचे जुने फिटर एका बाटलीचं झाकण उघडून वास घेऊन म्हणाले, "ताई, हे त पेट्रोलावाणी पेटते. रुईजवळ कायले ठेवून रायल्या?" जिन घरात ठिणगी काय करते ते ज्याने एकदा पाहिलं त्याला समजावावं लागत नाही. दगड किंवा लोखंडाचा तुकडा कापसातून जिनात गेला की ठिणगी उडते, आणि उडालेली रुई छपरापर्यंत पोहोचलेली असते.

मग मी कागद पुन्हा वाचला. गृह मंत्रालयाच्या परिशिष्टात हात धुणं आणि सॅनिटायझर, शक्यतो स्पर्श न करता वापरता येईल असं, दोन्हींचा उल्लेख आहे. आरोग्य मंत्रालय साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवा म्हणतं, सॅनिटायझर २० सेकंद. म्हणजे पाणी-साबण असेल तिथे तेच पुरेसं. आम्ही सॅनिटायझर फक्त फाटकावर आणि ऑफिसात ठेवलं. जिन घराच्या दोन्ही दारांबाहेर गावातल्या वेल्डरकडून पायाने चालणारी तोट्यांची घोडी करून घेतली. एका पायदांडीने पाणी, दुसरीने पातळ साबण. टाकीत पाणी भरायची जबाबदारी एका माणसाला नेमून दिली, कारण टाकी रिकामी असेल तर सगळी योजना फुकट. हा उपाय मला कोणत्याही पुस्तिकेत छापलेला सापडला नाही. तो निघाला कागद आणि फिटर दोघांचं ऐकल्यामुळे.

इथेच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं नाव घ्यायला हवं. त्यांनी एप्रिल २०२० मध्ये कामाच्या ठिकाणी कोविड रोखण्यासाठी एक तपासणी यादी काढली होती. माझ्या भाचीने ती मला पाठवली. तिच्यात भर या गोष्टीवर होता की धोका कुठे आहे हे कामगारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना सोबत घेऊन ठरवा. आधी मला ते मोठ्या कारखान्यांचं वाटलं होतं. पण बायांना आणि हमालांना एकत्र बोलावून, म्हणजे अंतर ठेवून आवारात उभं करून, "तुम्हाले कुठं भेव वाटते?" असं विचारलं, तेव्हा कळलं की त्यांना जिन घराची भीती नव्हतीच. भीती होती पाण्याच्या माठाची, कारण एकच गडू सगळ्यांच्या तोंडाला, आणि प्रेसवाले झोपतात त्या खोलीची. मी तापमानाच्या बंदुकीवर आणि फवारणीवर लक्ष देत होते, त्या माणसांनी नेमकं बोट ठेवलं. माठाच्या जागी तोटीची टाकी आली, प्रत्येकाने आपला गडू घरून आणायचं ठरलं. खोलीचं पुढे सांगते.

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य प्रशासनाने, ओशाने, मार्च २०२० मध्ये काढलेली पुस्तिकाही भाचीमुळेच मिळाली. तो आपल्याकडचा कायदा नाही, आपल्या अधिकाऱ्यापुढे तो दाखवून काही उपयोग नाही. तरी तिच्यातली एक गोष्ट मला फार कामाची वाटली. त्यात कामांची चार पायऱ्यांत विभागणी आहे: अति जास्त धोका, जास्त, मध्यम आणि कमी. वरच्या दोन पायऱ्या दवाखाने-प्रयोगशाळांच्या. आपल्यासारख्यांनी बघायचं ते मध्यम आणि कमी यातला फरक, म्हणजे कोण अनोळखी माणसांच्या सतत जवळ येतं. तसं पाहिलं तर आमच्याकडे सगळ्यात जास्त धोका काटाघरातल्या पोराला होता. दिवसभर प्रत्येक गाडीचा ड्रायव्हर आणि शेतकरी पावतीसाठी त्याच्या खिडकीवर वाकतो. प्रेसवरचा माणूस दिवसभर त्याच चार जणांत असतो. आम्ही काटाघराच्या खिडकीला काच बसवली, खाली पावतीपुरती फट ठेवली, आणि मागचं दार दिवसभर उघडं. खर्च फारसा झाला नाही.

मास्कबद्दल माहिती भरपूर होती आणि बहुतेक बरी होती. आमच्या बायांना तोंडावर दुपट्टा बांधायची सवय आधीपासूनच, धुळीमुळे. केंद्र सरकारच्या मुख्य वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरी सुती कापडाचा दुहेरी थराचा मास्क कसा करायचा ते मार्च २०२० च्या अखेरीसच सांगितलं होतं. गावातल्या बचत गटाने त्याप्रमाणे शिवून दिले. पेच पडला फिटर लोकांचा. त्यांना झडपेचा एन-९५ आवडतो, कारण धूळ आत येत नाही आणि श्वास सहज सुटतो. धुळीसाठी तो चांगलाच आहे. पण झडपेतून बाहेर पडणारा श्वास गाळला जात नाही, म्हणजे घालणारा वाचतो आणि समोरच्याला संरक्षण मिळत नाही. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २० जुलै २०२० ला राज्यांना झडपेच्या मास्कविरुद्ध लिहिलं तेव्हा मी ते पत्र फिटरांना वाचून दाखवलं. बिनझडपेचे आणून दिले. गरम होतं म्हणून दर तासाला बाहेर पाच मिनिटं मोकळी दिली.

शहरातल्या एका सुरक्षा सल्लागार संस्थेने पैसे घेऊन "कोविड-सुरक्षित कारखाना" असं प्रमाणपत्र द्यायची तयारी दाखवली. त्यांची पुस्तिका मी वाचली. एसी २४ ते ३० अंशांवर ठेवा, लिफ्टमध्ये मोजकीच माणसं सोडा, बैठकीच्या खोलीत खुर्च्या लांब. आमच्याकडे लिफ्ट कुठली? कापसाच्या धुळीबद्दल, आगीबद्दल, हमालांच्या मुक्कामाबद्दल एक ओळ नव्हती. प्रमाणपत्र सरकारला नको होतं, मला नको होतं, कामगारांना त्याने काही मिळणार नव्हतं. संस्थेचं नाव घेत नाही. पण मालकांना सांगते, जो तुमच्या जिन घरात पाय न ठेवता सुरक्षिततेचा कागद देतो त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

१०७५ ही केंद्राची हेल्पलाइन आणि ९०१३१५१५१५ वरचा मायगव्ह कोरोना हेल्पडेस्क हे दोन्ही नागरिकांसाठी चांगले होते. लक्षणं काय, चाचणी कधी, जवळचं केंद्र कुठे. मालकाचे प्रश्न सोडवणं हे त्यांचं कामच नव्हतं, तेव्हा त्यांना कमी गुण देत नाही. आरोग्य सेतूचं थोडं लक्षात ठेवण्यासारखं आहे. १ मे २०२० च्या आदेशात ते सर्व कर्मचाऱ्यांना सक्तीचं होतं, १७ मेच्या आदेशात "शक्य तितके प्रयत्न करून" असं सौम्य झालं. आमच्या पोडावरच्या बायांकडे बटणाचे मोबाइल, तेही घरात एक. १९२१ ला मिस्ड कॉल देऊन त्या फोनवरही विचारपूस करून घेता येते हे कळलं तेव्हा हायसं वाटलं. जुना आदेश हातात धरून एखाद्या बाईला फाटकावरून परत पाठवणं किती अन्यायाचं झालं असतं. म्हणून तारीख, तारीख आणि तारीख. जुना खरा कागद हाही चुकीचीच माहिती देतो.

आता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांबद्दल. बैठकीतल्या त्या नव्या मालकाला माझं उत्तर हेच आहे: पहिला फोन तिथे.

२०२१ च्या फेब्रुवारीत, भर हंगामात, प्रेसवरचा एक माणूस बाधित निघाला. संध्याकाळपर्यंत गावात बातमी. सरपंच आणि चार जण फाटकावर, "ताई, जिनिंग पंधरा दिवस बंद करा, गावाचा प्रश्न आहे." त्यांची भीती खोटी नव्हती. दुसरीकडे आवारात कापसाच्या गाड्या उभ्या आणि रोजंदारीवरची माणसं. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आरोग्य मंत्रालयाची कामाच्या ठिकाणांसाठीची १८ मे २०२० ची मार्गदर्शक सूचना आणि त्याच महिन्यात, १३ फेब्रुवारीला कार्यालयांसाठी निघालेली सुधारित कार्यपद्धती दोन्ही समोर ठेवून सांगितलं: एक-दोन रुग्ण असतील तर गेल्या ४८ तासांत तो माणूस जिथे जिथे गेला तेवढ्याच जागा निर्जंतुक करायच्या, मग काम सुरू करता येतं. सगळं बंद करायची गरज नाही. मोठ्या प्रमाणात रुग्ण निघाले तर गोष्ट वेगळी. पण मग त्यांनी विचारलं ते कोणत्याच कागदाने मला विचारलं नव्हतं: "तो झोपतो कुठे? कोणासोबत जेवतो?"

मुक्कामाची खोली दहा बाय बाराची, एक दार, एक खिडकी, तीही थंडीमुळे पोत्याने बंद. सहा जण. डॉक्टर स्वतः आले, खोलीत न शिरता दारातून पाहिलं, आणि म्हणाले की धोका प्रेसवर नाही, इथे आहे. सहाही जणांची चाचणी झाली, त्यांचं विलगीकरण गोदामाच्या मोकळ्या शेडमध्ये, अंतरावर बाजा टाकून केलं, जेवण आम्ही पोहोचवलं, रोजी कापली नाही. प्रेस बंद राहिली, जिनं चालू. डॉक्टरांनी सरपंचांशी फाटकावरच बोलून घेतलं. त्यांनी हातवारे करून, वऱ्हाडीत, खोलीची हवा आणि शेडची हवा यातला फरक सांगितला, तो गावाला पटला. मी पाचशे वेळा कागद दाखवला असता तरी पटला नसता.

आणि माझी खरी तक्रार माहितीच्या याच भागाबद्दल आहे. पहिल्या वर्षभर सगळा जोर पुसण्यावर, फवारण्यावर, तापमान मोजण्यावर. तापमानाचं तर असं की आमच्याकडे एप्रिलच्या उन्हात सायकलवर आलेल्या माणसाच्या कपाळाला बंदूक लावली की आकडा वर जायचाच. दहा मिनिटं सावलीत बसवून मग मोजावं लागे. लक्षणं नसलेला बाधित त्यात सापडतही नाही. हवेबद्दल ठळकपणे, सगळ्यांना कळेल असं केंद्र सरकारच्या मुख्य वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सांगितलं ते २० मे २०२१ ला. त्यात लिहिलं होतं की थेंब दोन मीटरपर्यंत पडतात पण सूक्ष्म तुषार हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून दारं-खिडक्या उघडा, आरपार वारा येऊ द्या, एक्झॉस्ट फॅन लावा. कागद उत्तम, चित्रांसकट, साधा. पण तोवर दुसरी लाट आमच्या गावांमधून फिरून गेली होती. तेच वर्षभर आधी तितक्याच ठळकपणे सांगितलं असतं तर मुक्कामाच्या खोलीला दुसरी खिडकी आम्ही पहिल्याच हंगामात पाडली असती. आता पाडली आहे, वर एक्झॉस्ट फॅनही आहे. खोलीत तीनच माणसं.

लसीच्या वेळी परिस्थिती आणखी निराळी. ११ एप्रिल २०२१ पासून कामाच्या ठिकाणी लसीकरणाची सोय झाली, पण ४५ वर्षांवरचे किमान शंभर पात्र लोक लागत, ते आमच्याकडे नव्हते. म्हणून गावातच सत्र भरवायची विनंती केली. पोडावर धास्ती मोठी: सुई घेतली की माणूस मरते. तिथे मंत्रालय, संघटना, पुस्तिका कशाचाच पाड लागला नाही. आशाताईने आधी स्वतः घेतली, मग आमच्याकडची कवडी वेचणारी एक कोलाम बाई घेऊन दोन दिवसांनी ठणठणीत कामावर आली, आणि तिने कोलामीत जे काय सांगितलं त्याने रांग लागली.

आकाशवाणीलाही पूर्ण गुण. संध्याकाळच्या नागपूरच्या प्रादेशिक बातम्या आमच्या आवारात मोठ्या आवाजात लावत असू. वाचता न येणाऱ्याला, स्मार्टफोन नसलेल्याला सरकारी माहिती आवाजातून, आपल्या भाषेत मिळाली की पुढे मला नव्याने पटवावं लागत नसे.

राहिलेली गोष्ट अशी की जिनिंगसाठी, कापसाच्या धुळीचा आणि आगीचा विचार करून, सोप्या मराठीत लिहिलेला एकपानी कागद मला त्या दोन वर्षांत मिळाला नाही. कारखान्यांच्या सुरक्षिततेचं काम राज्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. असा कागद त्यांच्या सहीने निघाला तर त्याला वजन येईल. आम्ही काही जिनिंगवाले त्याचा मसुदा तयार करतोय: सॅनिटायझर कुठे नाही ठेवायचा, मुक्कामाच्या खोलीत किती माणसं, काटाघराची खिडकी, पाण्याची टाकी, खर्रा. संचालनालयाला हंगाम सुरू व्हायच्या आत देणार आहोत. कोणाकडे डाळ मिल, तेल घाणी किंवा वीटभट्टीसाठी असं काही आधीच केलेलं असेल तर मला द्या. कोलामी आणि गोंडीत करून देणारं कोणी असेल तर अधिकच चांगलं. छपाईचा खर्च माझ्याकडे.